मूठभर नाचणीला विकलेला भाचा

बंगळूरला जाऊन आलेल्या माणसाला कराडात पहिला प्रश्न विचारतात तो हवेबद्दल. मी स्टेशनवर उतरलो तेव्हा टांगेवाल्यानं विचारलं, घरी बायकोनं विचारलं, शाळेत शिपायानं विचारलं, "मास्तर, हवा कशी होती?" आणि मला काही केल्या आठवेना. अठरा दिवस मी त्या गावात काढले. त्यांतले निम्मे दिवस मी एका दहा महिन्यांच्या पोराच्या कपाळाला हात लावून बसलो होतो. अशा वेळी बाहेरच्या हवेकडे कोण बघतो!

तर हवेचं सोडा. बाकीचं सांगतो.

एकसष्ट सालचा फेब्रुवारी. देशभर खानेसुमारी चालू होती आणि दारोदार फिरून माणसं मोजायचं काम मास्तर लोकांवर आलं होतं. आमच्या हेडमास्तरांनी माझ्या वाट्याला एक अख्खी पेठ दिली होती. त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीचं, कुसुमचं पत्र आलं. तिचे यजमान भास्करराव बंगळूरजवळच्या एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर. तिथल्या कॉलनीतल्या मराठी मंडळींना माझं व्याख्यान हवं होतं. विषय त्यांनीच ठरवला होता : जगातली माणसं खंडोखंडी कशी वाढली आणि का वाढली. बावीस वर्षं मी भूगोल शिकवतोय, पण शेजारच्या आळीनंही मला कधी बोलायला बोलावलं नव्हतं. मी बहिणीच्या प्रकृतीचं कारण देऊन रजा काढली. बहिणीची प्रकृती ठणठणीत होती. हेडमास्तर आता निवृत्त होऊन कोकणात गेले आहेत म्हणून हे छापायला देतोय.

कृष्णराजपुरम, मंगळवार

गाडीच्या प्रवासाबद्दल एकच सांगण्यासारखं आहे. बंगळूर सिटीला मी उतरलो आणि माझा जगाचा नकाशा वरच्या फळीवर तसाच राहिला. बावीस वर्षांचा सोबती, मागून कापड लावलेला. पाच खंड आणि सगळे महासागर मला मागे टाकून पुढच्या गावाला निघून गेले.

भास्कररावांची पाळी दुपारची होती, म्हणून पत्ता घेऊन मी एकटाच बसने कृष्णराजपुरमच्या कॉलनीत पोचलो. ओळीनं सारखी घरं. सारखं फाटक, सारखा हिरवा दरवाजा. मी एका दारात उभा राहून हाक मारली, तर आतून एक ठसठशीत कुंकू लावलेल्या बाई आल्या, माझी पेटी बघितली आणि या, या म्हणून हात केला, "बन्नी, बन्नी. स्वल्प काफी?" पाच मिनिटांत पितळी वाटीत पेला ठेवून कॉफी समोर आली. आपल्याकडे अनोळखी माणसाला आधी नाव विचारतात, मग पाणी देतात. इथं आधी कॉफी, नाव नंतर.

जमिनीवर एक गुटगुटीत पोर रांगत होतं. कपाळावर काजळाचा भला मोठा ठिपका, अंगात जुन्या धोतराचं अंगडं. ते सरळ माझ्या चपलेपाशी आलं आणि चप्पल चाटायला लागलं. मी उचलून घेतलं.

"कुणाचं हो हे?"

बाई हसल्या. "नम्मदु," त्या छातीवर हात ठेवून म्हणाल्या. म्हणजे आमचं.

"छान आहे," मी म्हटलं.

मागच्या दारातून कुसुम धावत आली. "दादा! अरे, शेजारी काय बसलास? हे जयम्माक्कांचं घर!" आणि माझ्या हातातलं पोर बघून तिचे डोळे भरून आले. "घेतलंस होय त्याला? भेटला का भाचा?"

मी एकदा पोराकडे बघितलं, एकदा जयम्मांकडे. जयम्मा अजून छातीवर हात ठेवून उभ्या होत्या.

कुसुमच्या सासूबाई, माई, ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. फलटणकडच्या. सडपातळ, डोळ्याला डोळा भिडवून बोलणाऱ्या. खुलासा त्यांनीच केला.

"धोंडोपंत, ते पोर बाराव्या दिवशी सुपात घालून मी जयम्माला विकलंय. मूठभर नाचणीला. हे घर त्याला नुसतं सांभाळतं."

"आणि नाव काय त्याचं?"

"केरू."

म्हणजे केरात निघालेलं. खरं नाव कागदावर होतं, पण माईंनी ते उच्चारू दिलं नव्हतं.

मला हसायला येत होतं, पण मी हसलो नाही. माझं नाव धोंडो आहे. माझ्या आधीची सहा गेली, म्हणून आईनं मला दगड म्हटलं, की दगडाला कोण न्यायला येतंय. संध्याकाळी जयम्मांचे यजमान भेटले, त्यांचं नाव गुंडप्पा. गुंडू म्हणजे त्यांच्याकडे गोल दगड. त्यांनाही याच कारणानं ठेवलेलं. आम्ही दोन दगड फाटकाशी उभे राहून बराच वेळ एकमेकांचे हात हलवत होतो.

बुधवार

खानेसुमारी चुकवून मी पळालो होतो, ती बुधवारी सकाळी कुसुमच्या दारात आली. मोजणारा गृहस्थ माझ्याच धंद्यातला, कन्नड शाळेतला मास्तर. गळ्यात पिशवी, बोटांना शाई. मला त्याची इतकी कणव आली की मी त्याच्यासाठी खुर्ची पुसून दिली.

त्यानं मोडक्या हिंदीत विचारलं, "घर में बच्चे कितने?"

"दोन," माई म्हणाल्या.

कुसुमची मोठी शशी शाळेत होती, मधला मुकुंद ओट्यावर लाकडी मोटार चालवत होता, आणि तिसरा कुंपणापलीकडे जयम्मांच्या कडेवर बसून आमच्याकडे बघत हात हलवत होता. मी तोंड उघडलं. माईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी ते मिटलं.

मास्तरानं लिहिलं, वहीवर फुंकर मारली आणि शेजारच्या फाटकातून आत गेला. तिथं जयम्मांनी त्याला सांगितलं की आपली दोन्ही पोरं म्हैसूरला कॉलेजात आहेत, घरात मूल नाही. त्यांच्या कडेवर केरू त्याचं पेन ओढत होता. मास्तरानं ते हळूच सोडवून घेतलं आणि पुढं गेला.

माझी झोप उडाली. दुपारची. जगातली सगळी माणसं मोजायला सरकारं धडपडतायत, आणि माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात एक माणूस दोन कुंपणांच्या मधून गळून गेला! मी कुसुमला म्हटलं, "अशी घरोघर एकेक माई असेल, तर मी रविवारी सांगणार ते आकडे कुठले?"

"तू आकडे सांगूच नकोस," कुसुम म्हणाली. "माईही येणार आहेत ऐकायला."

शहरात

गुरुवारी भास्कररावांनी सुट्टी घेऊन मला शहर दाखवलं. लालबागेतलं काचेचं घर मी बघितलं, आणि त्यापेक्षा जास्त वेळ तिथल्या एका झाडाखाली बसलेलं कुटुंब बघितलं. म्हातारा, म्हातारी, तीन सुना आणि मोजता येऊ नयेत इतकी मुलं, सगळी केळीच्या पानावर चित्रान्न, म्हणजे लिंबाचा भात, खात होती. मला व्याख्यानाची धास्ती लागली होती, त्यामुळे जो माणूस दिसेल तो मला दाण्यासारखा दिसायला लागला. मार्केटात तर मी भास्कररावांचा कोटच धरून ठेवला. फुलांच्या राशी, त्यांच्यामागे बायकांच्या राशी, बसगाड्यांमागे माणसांच्या रांगा. "भास्करराव," मी म्हटलं, "ही माणसं आणखी वीस वर्षांनी बसायची कुठं?"

"दादा, आत्ता आपल्याला बस मिळाली तरी पुष्कळ," ते म्हणाले.

तिथंच मला नकाशाची तोड सुचली. नकाशा गेला तर गेला, जग चादरीवर काढायचं आणि माणसं म्हणून नाचणी ओतायची. बंगळूरला नाचणी कुठल्याही दुकानात मिळते, सकाळ-संध्याकाळ खातात. आम्ही पाच शेर घेऊन आलो.

जयम्मांनी त्या दिवशी मला जेवायला बोलावलं होतं. पानात एक काळसर, गरम, लिंबाएवढा म्हणता म्हणता नारळाएवढा झालेला नाचणीचा उंडा, बाजूला सांबार. मी घास तोडून चावायला सुरुवात केली. दातांना सगळा चिकटला. बोलता येईना. गुंडप्पा ताटावरून उठून माझ्याकडे आले आणि हात जोडून मोडक्या मराठीत म्हणाले, "सार, चावू नका. नुसतं गिळा. आमी जन्मात कदी चावला नाई." मी गिळला. डोळ्यांतून पाणी आलं. मग मात्र सरसर तीन उंडे गिळले. रात्रभर पोट भरलेलं राहतं. एवढी माणसं कशावर जगली, याचं निम्मं उत्तर मला त्या ताटात मिळालं.

दूध आलं नाही

शुक्रवारी दूध आलं नाही. शनिवारीही नाही. दूध घालायला मुनियम्मा यायची, तळ्यापलीकडच्या वाडीतली. कुसुम सांगत होती की दूध तापेपर्यंत ती केरूला कडेवर घेऊन फाटकाशी उभी राहते, त्याच्यासाठी गाणं म्हणते. रोज. गुरुवारीही घेतलं होतं.

शनिवारी दुपारी गुंडप्पा वाडीकडून सायकलवरून आले. सायकल त्यांनी फाटकाबाहेरच ठेवली आणि आत न येता रस्त्यावरूनच सांगितलं, "तिच्या घरात अम्मा आलीय. दोन पोरांना."

आपल्याकडे देवी येतात, त्यांच्याकडे अम्मा येते. दोन्हीकडे नाव घेताना आवाज एकसारखा खाली जातो. कुसुम दाराच्या चौकटीला धरून खाली बसली.

संध्याकाळी कारखान्यानं निरोप फिरवला. सोमवारी सकाळी कॉलनीच्या हॉलमध्ये सगळ्यांना देवी टोचणार. शशीला आणि मुकुंदाला मागेच, माई इथं राहायला येण्याआधी, टोचल्या होत्या. केरूला टोचायच्या वेळी खोकला झाला होता, ते राहून गेलं होतं. मी म्हटलं, "चला, निदान सोमवार तर जवळ आहे."

"त्याला न्यायचं नाही," माई म्हणाल्या.

त्यांचा हात तांदळातून तसाच फिरत होता. खडा दिसला की बाजूला, खडा दिसला की बाजूला.

"माझी पाच होती, धोंडोपंत. खानेसुमारीवाला दारात आला. मी तरणी, मला हौस. एकेकाला पुढं उभं करून मोजून दाखवली. वर्षात दोन गोवरानं गेली, एक पटकीनं. चौथा सुधाकर. त्याला देवी टोचवून आणल्या होत्या. आठव्या दिवशी ताप आला. अकराव्या दिवशी गेला." त्यांनी सूप हलवलं. "मोजलेलं टिकत नाही. टोचलेलं तर नाहीच."

मी भास्कररावांना मागच्या अंगणात गाठलं. "अहो, तुम्ही इंजिनिअर माणूस. बोला की त्यांच्याशी!"

"दादा, कारखान्यात मी शंभर माणसांवर ओरडतो," ते म्हणाले. "पण पाचांतला उरलेला एक मीच आहे. मी तिला काय सांगू?"

कारखान्याच्या डॉक्टरांना मी वाटेत गाठून विचारलं होतं. ते म्हणाले होते, रोग्याचा संबंध आला असेल तर तीन-चार दिवसांच्या आत टोचलं तर ठीक. पुढं ते देवावर. मुनियम्मानं केरूला गुरुवारी घेतलं होतं. मी बोटं मोजली. शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार. पुन्हा मोजली. बोटं तेवढीच भरली.

रविवार संध्याकाळ

अशा मनःस्थितीत मला जगाची लोकसंख्या वाढवायची होती.

सकाळी मी कुसुमची चादर अंगणात पसरून निळीच्या पाण्यानं खंडं काढली. आफ्रिका बरी जमली. दक्षिण अमेरिका कैरीसारखी झाली. ऑस्ट्रेलियाच्या जागी चादरीला ठिगळ होतं, तेच ऑस्ट्रेलिया. नाचणी मोजून द्यायला माई आपणहून पुढं आल्या. मापटं भरून टोपलीत ओतताना त्या म्हणाल्या, "लाभ." मग, "दोन. तीन. चार." पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. आमच्या आईचीही हीच रीत. धान्य मोजायला माईंची हरकत नव्हती.

पाच वाजता हॉल भरला. पुरुष एकीकडे, बायका एकीकडे, पुढं शेजारधर्म म्हणून जयम्मा, त्यांच्या मांडीवर केरू. भाषा कळत नव्हती, पण पोर त्यांचं होतं.

मी सुरुवात केली. सांगितलं की हजारो वर्षं प्रत्येक खंडावरची रास जवळजवळ तेवढीच राहायची. आया पुष्कळ मुलं जन्माला घालायच्या आणि त्यांतली पुष्कळ परत जायची. चांगलं पीक आलं की रास थोडी चढायची, दुष्काळ, साथ, लढाई आली की बसायची. मग युरोपात काही गोष्टी मागोमाग घडल्या. अमेरिकेतून बटाटा आला आणि ज्या जमिनीत गहू होत नव्हता तिथंही पोट भरायला लागलं. शेती सुधारली. गावात नळाचं पाणी आलं, साबण आला, गटारं बंद झाली. गाईच्या देवीचा पू टोचला तर माणसाला देवी येत नाहीत, हे कळलं. जन्म होते तेवढेच राहिले, मरणं कमी झाली. मी युरोपवर मुठीमागून मूठ ओतायला लागलो. एका मुठीत किती कोटी हे मी सांगितलं नाही. माई समोर बसल्या होत्या.

"आता ही रास इथं मावेना," मी दोन्ही हात पसरून म्हटलं, "मग ती कुठं गेली?"

या प्रश्नाचं उत्तर मी देणार होतो. ते केरूनं दिलं. जयम्मांच्या मांडीवरून घसरून तो चादरीवर आला, युरोपात बसला, मूठ भरली, अटलांटिक ओलांडला आणि उत्तर अमेरिकेवर ओतली. हॉलमध्ये हशा पिकला. मी त्याला थांबवलं नाही. असा मदतनीस मला बावीस वर्षांत मिळाला नव्हता.

"बरोबर!" मी ओरडलो. "जहाजं भरभरून गेली! पण तिथं आधी माणसं होती, त्यांचं काय झालं?" उत्तर मला माहीत होतं. गोऱ्यांच्या जहाजांतून देवी उतरल्या. तिथल्या माणसांना त्या ठाऊक नव्हत्या. गावंच्या गावं रिकामी झाली. मी ते सांगितलं, पण अगदी हळू. मागून कुणीतरी "मोठ्यानं, मोठ्यानं" म्हणालं.

तेवढ्यात केरू आफ्रिकेत पोचला होता. तिथली मूठ उचलून त्यानं तीही अमेरिकेत टाकली. मी म्हटलं, "हेही खरं आहे. ही माणसं आपल्या पायांनी गेली नाहीत, साखळ्या घालून नेली. म्हणून आफ्रिकेची रास कितीतरी काळ वर चढलीच नाही." आता कुणी हसलं नाही. कुसुमनं पुढं होऊन पोराला उचललं.

मग आशिया. भात, नाचणी, मका, जमिनीतून दोनदा निघणारं पीक. रेल्वेनं दुष्काळाच्या गावी पोचलेलं धान्य. आता घरोघर मारलेली डीडीटी, गेलेला हिवताप, आणि देवी टोचणारे. मी टोपली उपडी केली. रास हिमालयावरून ओघळली आणि चीनमधून जपानपर्यंत सांडली. मलाही ती बघवेना.

मागच्या रांगेतले पाटणकर म्हणून एक गृहस्थ उठले. कॉलनीतले हजरजबाबी. "मास्तर, मग उद्याच्या टोचण्या रद्दच करू या की! जगात जागा नाही म्हणता!"

लोक हसले. मी माईंकडे बघितलं. त्या हसल्या नव्हत्या. मला रागही आला आणि भीतीही वाटली, आणि अशा वेळी मी जे करतो तेच केलं. गोष्ट सांगायला लागलो.

"पाटणकरसाहेब, मी आईचं सातवं. आधीची सहा गेली. मी तीन वर्षांचा असताना देवी डॉक्टर गावात आला. आईनं काय करावं? मला उचललं आणि ज्वारीच्या कणगीत घातलं, वर टोपलं झाकलं. डॉक्टर ओसरीवर. आई म्हणते, 'घरात पोर नाही.' डॉक्टर म्हणतो, 'बरं, पाणी तरी द्या.' इतक्यात कणगी शिंकली." मी हॉलमध्ये तसाच शिंकलो. शशी खिदळली. "डॉक्टरानं दोन्ही पायांना धरून मला बाहेर ओढलं. डोक्यात ज्वारी, नाकात ज्वारी. तिथंच टोचलं. त्या पावसाळ्यात आमच्या आळीत देवी आल्या. आळीत माझ्या वयाची पाच होती. मी उरलो. ती शिंक आली नसती तर आज तुमची सुटका झाली असती." मी बाही वर करून दंडावरचा व्रण दाखवला. "साहेब, माझ्या आईनं इतकी का मागितली? कारण एकही राहील याचा भरवसा नव्हता. जिथं भरवसा आला, तिथं आयाच कमी मुलं मागायला लागल्या, युरोपात बघा. रास बसायची असेल तर आधी पोरं जगली पाहिजेत. मधला काळ कठीण आहे. मला त्याची तुमच्यापेक्षा जास्त भीती वाटते. पण उद्याची सुई रद्द करून तो सुटणार नाही."

टाळ्या पडल्या. मला बसायला खुर्ची सापडेना.

चादर झटकून नाचणी गोळा करताना माई शेजारी येऊन वाकल्या. खंडं एकत्र झाली होती. त्यांनी हळूच विचारलं, "त्या टोचल्यानंतर तुमची आई काय म्हणाली?"

"आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. मला ताप होता, मांडीवर घेऊन बसायची, पण बोलायची नाही. मग खपली धरली. तेव्हा तिनं दंडाला तोंड लावलं. आणि लगेच थुंकली, दृष्ट लागू नये म्हणून."

माईंनी पदरातली नाचणी टोपलीत टाकली आणि गेल्या.

सोमवार सकाळ

मी आणि कुसुमनं चोरी करायचं ठरवलं होतं. माई तुळशीला पाणी घालायला मागं गेल्या की मी पोराला चादरीत गुंडाळून निघायचं. निळ्या खंडांच्या त्याच चादरीत. सात वाजता मी ओटा उतरलो. आशियात गुंडाळलेला केरू माझ्या मिशा ओढत होता. फाटकात माई उभ्या होत्या, हातात रिकामा तांब्या.

कुसुम मागून रडायला लागली.

"चोरी कशाला करता, धोंडोपंत?" माई म्हणाल्या. "पोर कुणाचं आहे?"

मी चादर सावरली.

"जयम्माचं. मी विकलंय ते. तिच्या पोराला टोचायचं की नाही ते तिनं बघावं. मी कोण सांगणार?" एवढं बोलून त्या वळल्या आणि आमच्याकडे पाठ करून तुळशीपाशी जाऊन बसल्या. तांब्यात पाणी नव्हतं.

कुंपणापलीकडून जयम्मा सगळं बघत होत्या. त्यांना किती कळलं देव जाणे. त्यांनी हात पुढं केले. "कोडी," त्या म्हणाल्या. द्या. त्यांनी केरूला घेतलं, पदर खोचला आणि कारखान्याच्या डॉक्टरपुढं जाऊन उभ्या राहिल्या. नाव विचारलं तेव्हा स्वतःच्या घराचा नंबर सांगितला. सुई लागली तेव्हा केरूनं एवढी बोंब ठोकली की ती तुळशीपाशी ऐकू गेली असणार.

आठवा दिवस

माझी रजा संपत आली होती. मी हेडमास्तरांना तार केली, बहिणीची प्रकृती गंभीर. ही दुसरी थाप.

आठव्या दिवशी केरूला ताप आला. दंडावर टपोरा फोड. डॉक्टर म्हणाले, उत्तम, टोचणी लागू पडली. पण फाटकाबाहेर पडताना त्यांनी हेही सांगितलं की इतक्यात दुसराही ताप येऊ शकतो, अंगावर लक्ष ठेवा. मी पोराचे तळपाय, तळहात, कानामागची जागा दर तासाला उजेडात धरून बघत होतो. डासाचा चावा दिसला तरी माझा श्वास अडकायचा. गुंडप्पा सांजसकाळ फाटकाशी येऊन पोराची चौकशी करायचे, "सार, मगु?" मी मान हलवायचो. त्यांनीच एकदा सांगितलं की मुनियम्माचं एक पोर वाचलं, एक गेलं.

माई पोराला घेत नव्हत्या. पण त्यांचा पाट त्यांनी स्वयंपाकघरातून उचलून पाळण्याशेजारी आणला होता. बोलत नव्हत्या. दोन दिवस त्यांनी तांदूळही निवडले नाहीत.

दहाव्या दिवशी ताप उतरला. मी आनंदानं ओरडणार होतो, तर कुसुमनं माझं तोंड दाबलं. "उद्याचा दिवस जाऊ दे," ती म्हणाली.

मोजणारा परत आला

अकरावा दिवस. सकाळचे दहा. फोडावर काळी खपली धरली होती आणि केरू पाळण्याची दोरी चावत होता. जयम्मा नेहमीप्रमाणे त्याला न्यायला आल्या आणि त्यांनी त्याला कडेवर घेतलं. फाटक वाजलं. तोच मास्तर, तीच पिशवी. मोजणी संपल्यावर पुन्हा एकदा घरोघर जाऊन काही बदल झाला का ते विचारायचं असतं, हे मला माहीत होतं. बिचाऱ्याचा आवाज बसला होता. मी पुन्हा खुर्ची पुसली.

"कुछ चेंज? घर में बच्चे दो?"

माई पाटावरून उठल्या. आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा मूठ मिटलेली होती. त्यांनी जयम्मांचा पदर हातानं पुढं ओढून घेतला आणि मूठ त्यात उघडली. नाचणी. जयम्मांनी पदराकडे बघितलं, मग माईंकडे. "सरी," त्या म्हणाल्या, म्हणजे ठीक, आणि डोळे पुसत कडेवरचं पोर माईंच्या हातात दिलं.

माईंनी त्याला छातीशी धरलं. दंडावरची खपली बघितली, तोंड जवळ नेलं, आणि लगेच बाजूला वळून थुंकल्या. मग शशीला आणि मुकुंदाला हाक मारून मास्तरापुढं ओळीनं उभं केलं. हात त्यांनी आधी केरूच्या डोक्यावर ठेवला.

"लाभ," त्या म्हणाल्या. मग मुकुंद. "दोन." मग शशी. "तीन."

मास्तरानं वही चाळली, चष्मा वर केला, दोन दातांच्या केरूकडे बघितलं. "पिछली बार तो दो बोला था, अम्मा!"

"तेव्हा दोनच होती," माई म्हणाल्या. "हे आत्ता विकत घेतलंय. लिही."